तात्यांचं खोबरेल आणि भाच्याची डबी

दोडामार्ग तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून गाळलं आहे. मजकूर थोडक्यात असा:

काजूची बाग आणि थोडी सुपारी. यजमान मुंबईला नोकरीत, बाग त्या एकट्या बघतात. सासऱ्यांच्या पश्चात शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना रीतसर त्यांच्या नावावर झाला. बंदूक १२ बोअरची दुनळी, चाळीसेक वर्षं जुनी. वर्षाकाठी आठ-दहा बार, तेही आवाजासाठी, गवे आणि रानडुकरं बागेतून हुसकायला. २०२४च्या लोकसभा निवडणुकीआधी बंदूक ठाण्यात जमा केली. जूनमध्ये परत मिळाली तेव्हा रेक्झिनच्या कव्हरात घालून स्कूटरवरून भर पावसात घरी आणली आणि कपाटामागे उभी केली. महिन्याने काढली तर नळ्यांवर तांबूस ठिपके, आणि उघडताना करकर. तेव्हापासून गंज पुसायचा आणि तो पुन्हा यायचा, हेच चालू आहे. चुलतसासऱ्यांकडे, म्हणजे तात्यांकडे, त्यांची स्वतःची परवान्याची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची, बंदूक आहे. ते म्हणतात, "चाळीस वर्सां मी खोबरेलच लायतंय, काय झाला?" पुण्यात एअर रायफल शिकणाऱ्या भाच्याने साडेआठशे रुपयांची परदेशी तेलाची डबी पाठवली आणि वर सांगितलं, खोबरेल लावाल तर बंदूक भंगारात जाईल. शेजारी म्हणतो मोटारसायकलचं ऑइल लावा. शिलाई मशीनचं तेल घरात आहेच. तात्यांनी ती डबी पाहिली आणि दोन दिवस अबोला धरला. ताई विचारतात: वंगणाला नेमकं कुठलं तेल घ्यावं? तात्यांना दुखवायचं नाही आणि बंदूकही घालवायची नाही.

ताई,

तुमच्या पत्रात तेलं चार आली आणि पाण्याचा उल्लेख एकदाच, तोही जाता जाता: "भर पावसात आणली." मी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथेच अडखळलो. तेलाचं बघूच. पण तेल चुकीचं होतं म्हणून तुमच्या बंदुकीला गंज आला नाही. ओली बंदूक रेक्झिनच्या कव्हरात महिनाभर कोंडली म्हणून आला. त्या महिन्यात तिच्यावर जगातलं सगळ्यात महाग तेल असतं, तरी ठिपके थोडे कमी दिसले असते एवढंच.

पुढे जाण्याआधी, हत्याराचं पत्र आलं की मी लिहितोच ते एकदा लिहून टाकतो. फडकं हातात घेण्याआधी बंदूक बिजागरीवर वाकवून उघडायची, दोन्ही नळ्यांत डोळ्यांनी बघायचं आणि मग बोट घालून बघायचं. काडतुसं त्या खोलीत नकोत. पोरंबाळंही नकोत. आणि परवाना तुमच्या नावावर आहे, तेव्हा हे काम तुमच्या हातचं. तात्यांनी शेजारी बसून सांगावं, पण "द्या, मीच करून आणतो" म्हणून बंदूक त्यांच्या घरी जायला नको. भाच्याकडे पुण्याला तर नाहीच नाही.

आता प्रश्न. "वंगणाला कुठलं तेल" असं तुम्ही विचारता, म्हणजे बंदुकीला मुख्यतः वंगण लागतं असं तुम्ही धरून चालला आहात. शिलाई मशीनला लागतं, कारण तिची सुई मिनिटाला शेकडो वेळा खाली-वर होते. सैन्यातल्या ऑटोमॅटिक रायफलीला लागतं. तुमची दुनळी यंत्र म्हणून आहे काय? एक बिजागरी, चाप, घोडे, चार-दोन स्प्रिंगा. वर्षाला दहा बार म्हणजे ती बिजागरी वर्षात दहा-पंधरा वेळा उघडणार. पुढच्या दाराची बिजागरी तेवढी एका सकाळीत उघडते, आणि तिच्याकडे आपण करकरायला लागल्याशिवाय बघतही नाही. मी एका जिल्ह्याच्या पोलीस शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा, म्हणून नोकरी केली. परवानाधारकांच्या जमा बंदुका रांगेने डोळ्यांखालून गेल्या. झिजून मेलेली शेतकऱ्याची बंदूक मला आठवत नाही. गंजून मेलेल्या पुष्कळ पाहिल्या.

म्हणून "वंगणाला कुठलं तेल" हा प्रश्न बाजूला ठेवा. "पाण्याला लोखंडापासून लांब कसं ठेवू" असं विचारा.

हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड गंजायला पावसाची वाट बघत नाही. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर तो आकडा नव्वदच्या आसपास रेंगाळतो. वर डोक्यावर आंबोली, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि खाली खारा वारा. त्यात आपल्या हाताचा घाम. घामात मीठ असतं. नळीवर बोटं टेकून बंदूक तशीच ठेवली तर पंधरवड्याने त्याच बोटांचे ठसे तांबड्या रंगात उमटलेले मी पाहिले आहेत, अगदी रेषांसकट. रेक्झिन या सगळ्याला आत कोंडून ठेवतं. चामड्याचं कव्हर आणखी वाईट: चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला लागतात. आतून मऊ फर लावलेली कव्हरं दिसतात छान, पण ओल प्यायला ती पहिली. कव्हर हे ठाण्यापर्यंत न्यायला आणि आणायला. घरी पाऊल टाकलं की बंदूक बाहेर.

आता तात्यांकडे येऊ, कारण घरातला खरा पेच तिथे आहे.

तात्या चुकीचं बोलत नाहीत. ते त्यांच्या बंदुकीबद्दल बरोबर बोलतात. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू जाते, म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक. ती जळली की अर्ध्याहून जास्त भाग धूर न होता क्षारांच्या रूपाने मागे उरतो आणि नळीत काळ्या साखरेसारखा चिकटतो. हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. संध्याकाळी बार काढून बंदूक तशीच ठेवली तर सकाळी नळीत घातलेल्या गजाला तांबडं लागतं. या राखेवर खनिज तेल, म्हणजे इंजिनाचं किंवा मशीनचं तेल, ओतलं की तिचं डांबरासारखं काहीतरी होतं. गज अडकतो, ठिणगी आत जाते ते निप्पलचं भोक बुजतं. वनस्पती तेल किंवा प्राण्यांची चरबी मात्र तिला मऊ ठेवते. १८५७च्या त्या एनफिल्ड काडतुसांना चरबी फासली होती ती याच कारणाने. कंपनी सरकारला शिपायांच्या धर्माची पर्वा नव्हती हे खरंच, पण काळ्या दारूच्या नळीत गोळी उतरायची तर तिला कसला तरी ओशटपणा लागायचाच. तात्यांच्या आजोबांनी हातात असलेलं तेल घेतलं. कोकणात दुसरं कुठलं असणार?

इतकंच नाही. स्वयंपाकघरातल्या तेलांत खोबरेल हे बंदुकीला सगळ्यात कमी वाईट. जवसाचं तेल हवेत वाळून वार्निश होतं. करडई, सूर्यफूल हीसुद्धा काही महिन्यांत चिकट होतात. तळणाच्या कढईच्या कडेला जो पिवळा चिकटा बसतो तोच प्रकार. खोबरेल तसं लवकर वाळत नाही. जुन्यांनी ते निवडलं त्यात अक्कल होती.

तात्यांना एक मात्र विचारा: खोबरेल लावण्याआधी नळी पाण्याने धुता का? काळ्या दारूचे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात. तेल वरून लावलं तर खालचे क्षार तेलाच्या पांघरुणाखाली आपलं काम करत राहतात. कढत पाणी, थोडा साबण, मग नुसतं कढत पाणी, म्हणजे नळी तापते आणि आतून आपोआप वाळते. मग कोरडी चिंधी, मग तेल. जुने लोक हे करायचे. मध्येच एखाद्या पिढीने "बंदुकीला पाणी?" म्हणून सोडून दिलं. तात्या धूत असतील तर त्यांची बंदूक चाळीस वर्षं टिकली ती पाण्यामुळे, खोबरेलाचा वाटा धाकटा.

पण तुमची बंदूक वेगळी. तिच्या काडतुसांत, खडकीच्या कारखान्याची शक्तिमान असोत की आणखी कुठली, बिनधुराची दारू असते. तिची राख थोडी, आणि ती पाणी ओढत नाही. म्हणजे ज्या दुखण्यावर खोबरेल हे औषध होतं ते दुखणंच तुमच्या बंदुकीला नाही. उरतात ते खोबरेलाचे तोटे. चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं. डिसेंबरच्या पहाटे घाटाखालच्या बागेत पारा याच्या पुष्कळ खाली असतो, आणि गवे येतात तेही पहाटेच. बाटलीतलं खोबरेल त्या वेळी कसं दिसतं ते तुम्हाला सांगायला नको. तेच घोड्याच्या स्प्रिंगेभोवती बसलंय असं समजा. शिळं झालं की ते खवट होतं, म्हणजे त्यात आम्ल सुटतं, आणि पितळेला हिरवं चढतं. शिवाय मुंग्या. एका बागायतदाराच्या बंदुकीचा चाप दबेना म्हणून ती माझ्यासमोर आली होती. परवानाधारक कारागिराने कळ, म्हणजे चाप-घोड्यांची आतली यंत्रणा, उघडली तेव्हा आत मेलेल्या तांबड्या मुंग्यांचा आणि थिजलेल्या खोबरेलाचा लाडू निघाला. चाप दबेना हे नशीब. अर्धवट दबून राहिला असता तर काय, याचा विचार करा. तुमच्या बिजागरीची करकरही बहुधा अशीच आहे: सासऱ्यांच्या वेळचं जुनं तेल आणि त्यात मिसळलेला गंज.

भाच्याची डबी. त्यावर सीएलपी लिहिलेलं असेल तर ते साफ करणं, वंगण घालणं आणि जतन करणं अशी तीन कामं एकात करणारं तेल आहे. तेल उत्तम. आणलंच आहे तर तेच वापरा. एका वेळेला दहा-बारा थेंब लागतात, डबी दोन पावसाळे पुरेल. पण "खोबरेल लावाल तर भंगारात" हे नेमबाजीच्या रेंजवरचं बोलणं आहे. स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं तेव्हापासून आपल्याकडची पोरं मोठ्या हौसेने नेमबाजीकडे वळली, चांगलंच आहे. पण त्यांच्या रायफली कोरड्या हॉलमधल्या, रोज पुसल्या जाणाऱ्या. आणि भाच्याला उलट एक सांगा: ती डबी त्याने स्वतःच्या एअर रायफलला लावू नये. दाबलेल्या हवेच्या रस्त्यात खनिज तेल गेलं तर दाबाने पेट घेऊ शकतं. तिथल्या रबरी रिंगांना सिलिकॉनचं ग्रीस लागतं, तेही बनवणाऱ्याने सांगितलं असेल तितकंच. ज्याच्या त्याच्या बंदुकीचं तेल वेगळं हे त्यालाही कळू दे.

शेजारी म्हणतो ते मोटारसायकलचं ऑइल ऐकायला गावठी वाटतं, पण वाईट नाही. नवं, डब्यातून काढलेलं २०डब्ल्यू-४० बिजागरीला छान चालतं. त्यात गंजरोधक घटकही असतात. गाडीतून काढलेलं काळं ऑइल मात्र हातातही घेऊ नका. त्यात आम्ल असतं, धातूची कीस असते, आणि ते कातडीलाही बरं नाही. शिलाई मशीनचं तेल स्वच्छ आणि पातळ. आतल्या बारीक भागांना एकेक थेंब द्यायला योग्य. पण पातळ म्हणूनच ते आठवड्याभरात ओघळून जातं आणि कोकणातल्या पावसापुढे नळीवर टिकत नाही. कोरड्या मुलखात, सोलापूर-धाराशिवकडच्या वाचकांना, तेवढंच पुरेल.

डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याच्या डब्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण दर दुसऱ्या पत्रात ते असतं. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झालं, पाणी हटवण्याचा चाळीसावा प्रयोग म्हणून नावात चाळीस. काम नावातच आहे, वॉटर डिस्प्लेसमेंट: पाणी हटवणं. बंदूक पावसात भिजली तर फवारा, खाचाखोचांतलं पाणी बाहेर येऊ द्या, पुसा आणि मग खरं तेल लावा. पुसायचं राहिलं आणि वर्षानुवर्षं त्यावरच फवारत गेलात तर पिवळट राप बसतो.

या सगळ्यांत मी स्वतः काय घेईन? डबी संपल्यावर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून साधं बंदुकीचं तेल घ्या, देशी चालेल. पावसाळ्यासाठी आणि ठाण्यात जमा करताना, लेथवाल्यांकडे मिळतं ते रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल आणा. कोल्हापूरला कुणी जात असेल तर शिरोलीच्या एमआयडीसीत यंत्राचे सुटे भाग करणाऱ्या कुणालाही विचारा. तयार माल गिऱ्हाईकाकडे पोचेपर्यंत गंजू नये म्हणून ते हेच फासतात. त्यातली काही वाळून मेणासारखा पापुद्रा धरतात. ती बाहेरच्या नळीला उत्तम, पण कळीत आणि बिजागरीत नको. आणि काहीच नाही मिळालं तर मेडिकलमधली साधी पेट्रोलियम जेली. हसू नका. लांब ठेवणीच्या हत्यारांना मिनरल जेली फासण्याची लष्करी पद्धत जुनी आहे, आणि जात तीच.

आता हाताने काय करायचं ते.

आधीचा गंज. पॉलिश पेपर लावू नका. नळीचा तो काळा रंग म्हणजे रंग नव्हे. लोखंडाचाच एक प्रकारचा स्थिर गंज मुद्दाम चढवलेला असतो आणि तो बारीक छिद्रांत तेल धरून ठेवतो. तो घासून काढलात तर खाली उघडं लोखंड, म्हणजे पुढच्या पावसाला दुप्पट गंज. आणि चिंच, कोकम, लिंबू काहीही नको. तांब्याची कळशी लखलखते म्हणून बंदुकीलाही आमसूल चोळलेलं मी पाहिलं आहे. आम्लाने काळा रंग दहा मिनिटांत उतरतो आणि नळी पत्र्यासारखी पांढरी पडते. ठिपक्यांवर तेल लावून एक रात्र राहू द्या. सकाळी तेलात भिजवलेली अगदी बारीक स्टील वूल, चार शून्यांची म्हणून मागा, बोटाखाली हलक्या हाताने फिरवा. तांबडं निघून येईल, काळं राहील. पुसा, पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. दोन-तीन दिवस लागतील.

मग नळ्यांच्या आतून बघा. पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या केल्या की खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या. आतला भाग आरशासारखा दिसला तर ठीक. खड्डे दिसले, कुठे काळी कडी दिसली किंवा बाहेरून बोट फिरवताना फुगवटा लागला, तर बार काढणं थांबवा आणि परवानाधारक कारागिराला दाखवा. ते तेलाने बरं होणारं दुखणं नाही. नळ्या बंद केल्यावर हलत असतील तरी तेच. कळ मात्र घरी उघडू नका. तिच्या स्प्रिंगा उडतात, आणि त्या स्क्रूंची डोकी एकदा खाल्ली की कारागीरही हात जोडतो.

तेल किती? जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या दस्त्यात मागे पितळी झाकणाखाली एक छोटी पितळी कुपी असायची आणि तिच्या शेजारी पुलथ्रूची, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची, दोरी. त्या कुपीत जेमतेम दोन-तीन चमचे तेल मावायचं, आणि झाकणाला खाली चपटी काडी. काडीच्या टोकाला जेवढं येईल तेवढंच एका जागी. ज्याने ती बनवली त्याला माणसाचा स्वभाव माहीत होता, कारण बाटली हातात दिली की आपण ओततो. तुमच्या बंदुकीला बिजागरीच्या खिळीवर मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस, नळ्यांखालच्या आकड्याला एक बोट, काडतूस बाहेर ढकलणाऱ्या पट्टीला एक थेंब. बाकी सगळीकडे तेलाने ओलसर केलेलं जुनं सुती फडकं फिरवलं की झालं. नळीवर बोट फिरवल्यावर बोट चमकलं पाहिजे, ओलं झालं नाही पाहिजे.

जास्त तेलाचं काय होतं ते सांगतो. बंदूक दस्त्यावर उभी ठेवली की तेल हळूहळू खाली झिरपतं आणि लाकडात शिरतं, नेमकं जिथे लोखंड लाकडाला टेकतं तिथे. काही वर्षांनी ते लाकूड काळं पडून साबणासारखं मऊ होतं, आणि एके दिवशी बाराच्या धक्क्याने चिरतं. म्हणून तेल लावल्यावर एक-दोन दिवस तरी बंदूक नळ्या खाली करून, कागदावर टेकवून ठेवा. बार काढायच्या आधी नळ्यांतून कोरडी चिंधी ओढा. काडतुसांना तेलाचा हात लागू देऊ नका. काडतुसाच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यात तेल मुरलं की काडतूस फुसकं निघतं.

लाकडाला वेगळं तेल. इथे जवसाचं, लोखंडाला नको म्हटलं तेच, लाकडाला सोनं आहे, कारण ते वाळतं. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळायचं आणि जास्तीचं पुसायचं. ते फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवस वाळताना गरम होतं आणि असं फडकं आपोआप पेटू शकतं. अंगणात पसरून वाळवा, मग फेका.

ठेवायची कुठे? बाहेरच्या भिंतीला नको, कपाटामागे नको. आतल्या खोलीत, कुलपाच्या कपाटात, सुती कापडाच्या पिशवीत, मागे हवा खेळेल अशी. कपाटात तळाशी सिलिका जेलची एक मोठी पिशवी. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा कोरडी होते. तो तवा पोळीचा नको, जुना काढून ठेवा. माझ्या आजोळी बंदूक चुलीच्या वरच्या खुंट्यांवर असायची आणि ती कधी गंजली नाही. धुरापेक्षा ऊब कामाची होती. आज कुलूप हवं, म्हणून तो इलाज गेला.

नळ्यांच्या तोंडात चिंध्यांचे बोळे कोंबायची पद्धत तुमच्याकडे असेल तर आजच काढा. बोळा ओल धरतो, आणि पहाटे तीनला गवे आले की तो काढायचं आठवत नाही. बोळा नसलेल्या नळीतही बघायचं, कारण कुंभारमाशी. तिला बोटभर रुंदीचं भोक म्हणजे तयार घर. आठ दिवसांत ती आत मातीची गाठ बांधून मोकळी होते. बोळा काय, माती काय, पुढे अडथळा असताना बार काढला तर नळी फाटते, आणि फाटते ती धरलेल्या डाव्या हाताजवळ.

पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाच मिनिटं. अमावास्या-पौर्णिमा धरा, लक्षात राहतं. दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूची फुलं जरूर वाहा, पण संध्याकाळी सगळं उतरवून बंदूक पुसा. ओल्या झेंडूखालचा गंज मी कार्तिकात पुष्कळ खरवडला आहे.

आणि पुढच्या निवडणुकीला जमा करायला न्याल तेव्हा आदल्या दिवशी आत-बाहेर जाडसर हात द्या, रस्ट प्रिव्हेंटिव्ह किंवा जेली, आणि नळ्यांत जेली आहे अशी चिठ्ठी चापाच्या कडीला बांधा. परत आल्यावर तुम्हालाच आठवायला. ठाण्यात तुमच्या बंदुकीला कुणी तेल लावणार नाही. तिथे शंभर बंदुका आणि एक माणूस असतो. तो माणूस मीच होतो, म्हणून सांगतो. पावती घेताना बंदुकीची अवस्था तिच्यावर लिहून मागा. परत आणताना पाऊस असेल तर कव्हरावरून प्लास्टिक घाला, आणि घरी पोचल्यावर तुमचे कपडे बदलायच्या आधी तिचे बदला.

राहिले तात्या. त्यांना चूक ठरवायची गरज नाही, कारण त्यांच्या बंदुकीपुरते ते चूक नाहीत, हे त्यांना माझं नाव घालून वाचून दाखवा. भाच्यालाही हेच. एवढ्याने अबोला सुटला नाही तर असं करा. बाजारातून सहा लोखंडी खिळे आणा, जस्ताचे नकोत. पॉलिश पेपरने घासून, रॉकेल किंवा डिझेलने पुसून कोरडे करा. एकाला खोबरेल, एकाला भाच्याची डबी, एकाला मोटारसायकलचं, एकाला शिलाई मशीनचं, एकाला जेली, एक कोरडा. तात्यांच्या हाताने लावा. दोऱ्याने बांधून मागीलदारी पडवीत ओळीने टांगा, जिथे पागोळ्या लागणार नाहीत पण दमट वारा लागेल. रोज सकाळी मिठाच्या पाण्याचे चार थेंब शिंपडा. शेजारी काचेच्या तुकड्यावर त्याच तेलांचा एकेक थेंब ठेवा, म्हणजे कुठलं चिकट होतं तेही बोटाला कळेल. माझा अंदाज आहे जेली पहिली येईल आणि शिलाई मशीनचं कोरड्या खिळ्याच्या आसपास. खोबरेलाचं मला खात्रीने सांगता येत नाही, पंधरा दिवसांत ते बरं टिकतं. तात्यांना आनंद होईल.

पंधरवडा झाला की खिळे कागदात गुंडाळून ठेवा आणि कुठल्याचं काय झालं ते कळवा. खोबरेलाच्या दोऱ्यावरून मुंग्यांची रांग चढली असेल तर तेही लिहा. मात्र ती रांग तात्यांनाच आधी दिसू द्या, तुम्ही दाखवू नका.